दुसऱ्या मजल्याचा उजवा खांदा

मुंबईहून परतलं की मिरजेत पहिला प्रश्न ठरलेला. काय काय पाहिलंस? समुद्र पाहिलास का, नटांचे बंगले पाहिलेस का, चौपाटीवर भेळ खाल्लीस का. मी म्हटलं, खांदे पाहिले. थोडे गुडघेही पाहिले. एका गृहस्थांची चाल पाहायला मुद्दाम गिरगावात गेले होते, पण ते चाललेच नाहीत. हे ऐकून शेजारच्या साळुंखे वहिनी "तुला पाठवायचंच कशाला मग," म्हणत आत निघून गेल्या. तेव्हा समुद्राची माहिती ज्यांना हवी असेल त्यांनी ती दुसरीकडून घ्यावी. मी खांद्यांचं सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या गावात दगड मारला तर तो डॉक्टरला लागतो आणि तो डॉक्टर लंगडत माझ्याकडे येतो. वीस वर्षं हाच उद्योग केल्यामुळे पेशंट जिन्यात असतानाच पावलांवरून त्याचं नाव सांगायची मला खोड लागली आहे. पुढे ही खोड नडली, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

सुमेधा माझी कॉलेजातली मैत्रीण. तिचं परळला क्लिनिक आहे. दिवाळीनंतर तिचा फोन आला.

"मंजे, मी सेन्सर घेतलेत. माणूस दिवसभर कसा हलतो ते मोजणारे. चालवायची ती मुलगी गेली कॅनडाला. तू तो ऑनलाइन कोर्स केलायस ना? ये ना आठवडाभर."

"राहायचं कुठं?"

"माझ्याकडे. हॉलमध्ये."

मुंबईत 'हॉलमध्ये' म्हणजे काय ते तिथं गेल्याशिवाय कळत नाही. आमच्या देवघरात देवांना त्याहून ऐसपैस जागा आहे. पण गेले. नवरा म्हणाला, "लोकांचे हात-पाय मोजायला एवढ्या लांब?" मी म्हटलं, तुझे मोजून झालेत, त्यात बघण्यासारखं काही नाही.

शुक्रवार, परळ

क्लिनिकच्या खिडकीतून बंद गिरणीची चिमणी दिसते आणि चिमणीच्या मागे तिच्या चौपट उंच टॉवर. खाली वडेवाला. सुमेधा म्हणाली, वडा खाऊन घे, मग दुपारपर्यंत वेळ नाही. वडा झकास होता, पण मिरचीला काही दम नव्हता. मी आणखी दोन मिरच्या मागितल्या तर वडेवाल्याने विचारलं, "ताई, कोल्हापूरच्या का?" मिरजेच्या माणसाला याहून मोठा अपमान नाही. तरी मिरच्या घेतल्या.

तर ते सेन्सर. काडेपेटीएवढ्या दोन डब्या. एक दंडावर पट्ट्याने बांधायची, एक कमरेला. माणूस हलला की हात किती वर गेला, किती वेळा गेला, पाऊल किती लांब पडलं, हे सगळं संगणकात उतरतं. शेवटी ॲप शेरा मारतं. हिरवा म्हणजे कामाला योग्य, लाल म्हणजे नाही. मला हे सगळं फार शास्त्रीय वाटलं होतं. पहिल्याच बाई लालबागच्या. मी पट्टा बांधायला लागले तर त्या म्हणाल्या, "कुठल्या बाबांचा?"

"काय?"

"ताईत गं. अंगारा आधी लावायचा की नंतर?"

दुसरी गोष्ट तासाभरात कळली. पट्टा बांधला की माणूस चालत नाही, संचलन करतो. एरवी पोतं ओढल्यासारखे येणारे काका पट्टा बांधताच छाती काढून, हात हलवत, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलामी देत गेले. ॲपने त्यांना हिरवं दिलं. पट्टा काढला, काका परत पोतं.

अकराच्या सुमाराला परबकाका आले. वय सत्तावन्न, अंगाने काटकुळे, पांढरा इस्त्रीचा शर्ट, केस काळेभोर रंगवलेले. हिंदमाताच्या एका साडीच्या दुकानात बत्तीस वर्षं गादीवर. गादीवर म्हणजे अक्षरशः. पांढरी चादर अंथरलेली गादी, समोर बायका बसलेल्या, आणि हे साड्या उलगडून दाखवणार. नुसत्या दाखवणार नाहीत, शर्ट-पँटवर स्वतः नेसून उभे राहणार.

"बाप्या माणूस शालू नेसून उभा राहतो आणि बायका हसत नाहीत?" मी विचारलं.

"हसतात ना," काका म्हणाले. "हसली की अर्धी साडी विकली गेली." मग माझ्या कुर्त्याकडे बघून, "तुम्ही साडी नेसत नाय वाटतं?"

"नाही. माझ्या लग्नातसुद्धा दुसरीनेच नेसवली होती."

"वांगी रंग घ्या तुम्ही. वांगी रंगाची नारायणपेठी, पिवळा काठ." हे त्यांनी औषध लिहून दिल्यासारखं सांगितलं आणि विषय संपवला.

झालं असं होतं की दुकानाच्या माळ्यावर माल ठेवतात, त्या माळ्याच्या शिडीवरून काका उतरताना पडले. उजव्या खांद्याचा स्नायू फाटला, ऑपरेशन झालं, तीन महिने घरी. आता लग्नसराई तोंडावर. दुकानाचे मालक बापूशेठ सुमेधाचे जुने पेशंट, त्यांची कंबर तिच्याकडे असते. त्यांनी काकांना सांगितलं होतं, मशीनचा हिरवा कागद आण आणि मंगळवारी गादीवर बस. कागद लाल आला तर माळा. सकाळी कोणीतरी धरून वर चढवणार, मग तिथेच बसून खोके लावायचे, साड्यांना नंबर चिकटवायचे. पगार तोच.

"पगार तोच आहे तर वाईट काय?" मी विचारलं. मूर्खासारखं विचारलं.

"मॅडम, माळ्यावर गिऱ्हाईक येत नाय," काका म्हणाले. "मी बोलू कोणाशी? खोक्यांशी?"

मी पट्टा बांधला. म्हटलं, हात वर करा. कोपर खांद्याच्या रेषेपर्यंत आलं आणि थांबलं. काकांनी दात आवळले, कपाळावर घाम आला, हात पुढे सरकेना. ॲपला 'दुकान, विक्री' या कामासाठी हात डोक्याच्या वर जायला हवा होता. ज्याने ते बनवलं त्याने बहुतेक मोठा मॉलच पाहिला असणार. लाल.

काकांनी शर्टाची बाही खाली ओढली. "हे इथलं झालं," ते म्हणाले. "घरी माझा हात बरा चालतो. घरचं मोजा ना."

नियमात ते बसत होतं. रविवारी दिवसभर घरी पट्टा बांधायचं ठरलं.

शनिवार, गिरगाव

गिरगावात करंदीकर म्हणून रिटायर्ड हेडक्लार्क आहेत. त्यांची चाल मोजायची होती, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. तीन जिने चढून गेले. घर नीटनेटकं, बोलणं त्याहून नीटनेटकं. मी पट्टा बांधला आणि म्हटलं, "आता नेहमीसारखं चाला."

"नेहमी मी चालत नाही," करंदीकर म्हणाले. "नेहमी मी बसतो."

"मग थोडं चालून दाखवा."

"कशासाठी?"

"मोजायला."

"मोजण्यासाठी चालणं हे चालणं नव्हे हो. मला पलीकडे काही काम असेल तर मी जाईन. आत्ता काम नाही." असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. मी पाऊण तास बसले. त्यांच्या पत्नीने कोकम सरबत दिलं, पोह्याचे पापड दिले, माझ्या सासूची चौकशी केली. करंदीकर हलले नाहीत. शेवटी मी दारात चपला घालत असताना आतून कुकरची शिट्टी झाली आणि हे गृहस्थ तुरुतुरु स्वयंपाकघरात जाऊन गॅस बारीक करून आले. पट्टा तोवर मी काढून पिशवीत टाकला होता.

चिडले होते, खरं सांगते. खाली येऊन मिसळ खाल्ली तर ती गोड. गोड मिसळ! पुढचा तासभर मी गिरगावाशी मनातल्या मनात भांडत चालत होते.

रविवार, वरळी

परबकाका बीडीडी चाळीत राहतात. आसपासच्या काही इमारती टॉवरमध्ये गेल्या, यांच्या इमारतीचा नंबर अजून लागायचाय. दुसरा मजला. मधून लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, सगळी दारं उघडी. मी जिन्यातून वर आले तेव्हा 'परबांकडे डॉक्टरीण इली' ही बातमी माझ्याआधी बोळाच्या टोकाला पोचली होती.

परब वहिनींनी घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं समोर ठेवलं. आमच्याकडे सकाळी असलं काही मिळत नाही. चार घावणे खाल्ले तेव्हा त्या म्हणाल्या, "लाजा नको हां, तुमचाच घर असा." पाचवा घेतला.

पट्टा बांधत होते तेव्हा दारात सात-आठ माणसं उभी. समोरचे सावंत, बसचे रिटायर्ड कंडक्टर. शाळेत लेझीम शिकवणारे तांबे गुरुजी. शेजारच्या घाडीबाई. "याने काय कळतं?" "प्रेशर कळतं का?" "दुखत नाय ना?" मी सगळ्यांना कौतुकाने समजावून सांगितलं. काकांना बजावलं, पाण्यात जायचं नाही, डबी दाबायची नाही, संध्याकाळी सहाला मी येते. एक गोष्ट सांगायची राहिली. ती सांगायची असते हेच मला माहीत नव्हतं.

मधला दिवस दादरला काढला. फूलबाजारातल्या चिखलात चप्पल तुटली, दोन्ही पायांनी वेगळं वेगळं चालत एका चांभारापर्यंत गेले आणि मनात म्हटलं, आत्ता मला पट्टा बांधला असता तर ॲपने सरळ हॉस्पिटलात भरती करून टाकलं असतं. पीयूष प्यायले. कोथिंबीर वडी खाल्ली. सहाला वरळीला जाऊन पट्टे सोडवून घेतले. काका म्हणाले, "झकास गेला दिवस." त्यांचा चेहरा बघून मलाही तसंच वाटलं.

पट्टे संगणकाला लावले. दहा मिनिटांत शेरा आला. हिरवा. गडद हिरवा. सुमेधाने आरोळी ठोकली. हिरवा आला की ॲप कागद स्वतःहून मालकाला पाठवतं, तसा तो बापूशेठना गेलासुद्धा.

सोमवार, परळ

सकाळी परबकाका पेढे घेऊन हजर. बापूशेठचा फोन आला होता, उद्या ये म्हणून. काकांनी केस पुन्हा रंगवले होते, कानावर थोडा रंग राहिला होता. मी पेढा तोंडात टाकला आणि सहज म्हणून कालचा आलेख उघडला.

साडेदहाला पावलं लांब. अकराला आखूड. पावणेबाराला डावा पाय ओढत. एका माणसाच्या पायात सकाळभरात एवढे बदल होत नाहीत, तो कितीही गुणी असला तरी. मी आधी सांगितलं ना, मला चाल कळते. आलेखात मला जिना चढणारी निदान सहा-सात माणसं ऐकू यायला लागली.

"काका, काल साडेदहाला काय करत होतात?"

"साडेदहाला? बसलो होतो."

"मग हात डोक्यावर कसा गेला? तोही तालात?"

"तो माझा नाय. तो तांबे गुरुजींचा. लेझीम करून बघितली त्यांनी."

मी पेढा गिळला. "आणि अकराला? सारखा वर-खाली, वर-खाली?"

"सावंत. घंटीची दोरी ओढायची सवय आहे त्याला. आता बसमध्ये दोऱ्या नायत, पण हात ऐकत नाय." काका मनापासून मदत करत होते. "वरचे डबे काढले ते घाडीबाई. बाराला वाटण वाटलं ते आमच्या मंडळीनी. मग दोन ते चार बघा, खांदा अगदी गप आहे ना? ते पाध्ये आजोबा. बांधून घेतला आणि झोपले."

"तुम्ही कधी बांधला होता?"

"सकाळी तुम्ही बांधलात तेव्हा. आणि संध्याकाळी तुम्ही यायच्या आधी."

"काका!" मी एवढ्या जोरात ओरडले की पडद्यापलीकडचा पेशंट उठून बसला. "दुसऱ्याला दिलात कशाला?"

"मागितल्यावर नाय कसं म्हणायचं? मजल्यावर इस्त्री एक, शिडी एक, वरवंटा एक. सगळं फिरतं." त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. "पण नाव माझं घातलंत ना तुम्ही आत? वय, उंची, वजन, सगळं लिहून घेतलंत. मग मशीन दुसऱ्याचं कसं घेईल? माझ्या रेशनकार्डावर सावंत साखर आणायला गेला तरी ती माझ्याच नावावर पडते."

आणि ते अगदी खरं होतं. गुरुजींची लेझीम, कंडक्टरची दोरी, वहिनींचं वाटण, सगळं इमानेइतबारे परबांच्याच नावावर पडलं होतं.

मग त्यांचं त्यांनाच उमगलं. "म्हणजे हिरवा कागद माझा नाय?"

"नाही, काका," मी म्हटलं. त्यांनी पेढ्यांच्या बॉक्सचं झाकण लावलं. मग झाकण परत उघडलं. "आणलेत तर खा," म्हणाले.

ते बाहेर गेल्यावर सुमेधा माझ्यावर घसरली. "राहू दे ना, मंजे! हिरवं गेलंय, शेठने बोलावलंय, कोणाचं काय जातंय?"

"उद्या तो माणूस वरच्या फळीला हात घालेल आणि शिवलेलं परत फाटेल. मग कोणाचं जाईल?"

"आणि तू कळवलंस तर उद्यापासून माळा. ते चालेल तुला?"

चालणार नव्हतं. मला काहीच चालणार नव्हतं. खोटा कागद चालत नव्हता आणि खराही चालत नव्हता, आणि सगळा राग त्या दोन डब्यांवर येत होता. मी बाहेर जाऊन काकांना म्हटलं, "उद्या मी दुकानात येते. गादीवर पट्टा बांधू, खरं काम करताना मोजू. शेठना झाला प्रकार मी सांगते."

"आणि लाल आला तर?"

"तर लाल."

एवढं कोरडं बोलले मी. जिन्यावरून उतरताना त्यांची पावलं ऐकली. बत्तीस वर्षं गादीवर बसलेला माणूस एरवी हलका उतरतो. ते जड उतरत होते. त्या रात्री मी ताटात अर्धं जेवण तसंच ठेवलं, आणि मी जेवण टाकणारी बाई नव्हे.

मंगळवार, हिंदमाता

दुकान भरलेलं. बापूशेठ काउंटरवर, गादीकडे पाठ करून. मी सगळं सांगितलं. त्यांनी फोनवरचा हिरवा कागद माझ्यासमोर धरला.

"मग हा खांदा कोणाचा?"

"दुसऱ्या मजल्याचा," मी म्हटलं. "उजवा."

ते हसले नाहीत. काकांना म्हणाले, "परब, तू बाबांच्या वेळचा माणूस आहेस. पण गिऱ्हाइकासमोर हात अडकला तर दुकानाची शोभा होते. आत्ता बघू. माझ्यासमोर. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नकोस."

काका म्हणाले, "नाय घेत." आणि पट्टा बांधायला बाही स्वतःच वर सरकवली.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. नवरी मुलगी आणि तिची आत्या. मुलगी फोनमध्ये, आत्या जगाच्या विरोधात. पहिला शालू भडक, दुसरा म्हातारा, तिसऱ्याचा काठ हलका, चौथा "आमच्या शत्रूला दाखवा." वरच्या फळीवरून माल काढून खाली फेकायला दुसरा माणूस होता, काका नुसते झेलत होते आणि बोलत होते. काय बोलत होते! चौथा शालू नाकारला तेव्हा म्हणाले, "शत्रूची पसंती चांगली असते हां, ताई. भांडायला त्याने तुम्हालाच निवडलं ना." मुलीने फोन खाली ठेवला. मला वाटलं, हा माणूस माळ्यावर? खोक्यांशी?

मग त्यांनी एक डाळिंबी शालू उचलला, काही न बोलता उभे राहिले आणि नेसायला लागले. पँटच्या पट्ट्यात खोचला, दोन चिमटीत निऱ्या घातल्या, काठ झटकला. आजूबाजूच्या बायकाही बघायला लागल्या. मी एक डोळा संगणकावर ठेवून होते. बापूशेठ माझ्या मागे उभे. उजव्या हाताने काकांनी पदर धरला, पोटावरून वर आणला, तो डाव्या खांद्याकडे निघाला आणि छातीशी येऊन थांबला.

थांबलाच. पुढे जाईना. झालं, संपलं, म्हटलं. बापूशेठनी मागे श्वास सोडला तो मी ऐकला.

काका तसेच उभे, पदर छातीशी धरून, आत्याबाईंकडे बघत. एक क्षण, दोन क्षण. आणि आत्याबाई, आल्यापासून जिने एका धाग्याचं कौतुक केलं नव्हतं ती बाई, पुढे झाली. काकांच्या हातातून पदर घेतला, त्यांच्या खांद्यावर टाकला, एक चूण नीट केली, दोन पावलं मागे सरकून मान तिरकी करून पाहिलं.

"हाच," मुलगी म्हणाली.

"हाच," आत्या म्हणाली. "मी मघाचपासून तेच सांगतेय."

संगणकावर लाल आलं. बापूशेठनी ते पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "परब, हात नाही जात तुझा."

पण आत्याबाईंचे कान तिखट होते. "काय नाही जात?"

आता लपवण्यात काय अर्थ! मी सांगून टाकलं. खांदा दुखावलाय, पदर वर टाकता येत नाही, म्हणून मशीन लाल दाखवतंय.

"त्यांनी कशाला टाकायचा?" आत्या म्हणाली. "माझ्या लग्नाचा शालू यांनीच नेसून दाखवला होता. ह्याच गादीवर. तेव्हाही पदर माझ्या आईनेच टाकला होता. तेव्हा कुठे खांदा दुखत होता यांचा?"

सगळे काकांकडे बघायला लागलो. डाळिंबी शालूतले परबकाका जरासे लाजले.

"मी वर नेतच नाय तो," ते म्हणाले. "कधीच नाय नेला. छातीशी थांबायचं. सेल्समनने पदर टाकला तर साडी सेल्समनची. बाईने टाकला की तिची झाली."

"बत्तीस वर्षं?" बापूशेठ म्हणाले.

"तुमच्या बाबांनीच शिकवलं."

"मला नाही शिकवलं कधी."

"तुमची पाठ असते ना आमच्याकडे."

मी लालबुंद झाले होते, संगणकापेक्षा जास्त. "काका, मग शुक्रवारी हे का नाही सांगितलंत?"

"तुम्ही म्हणालात हात वर करा. मी केला, जेवढा झाला तेवढा. पदराचं विचारलं कोणी?"

नव्हतं विचारलं. वीस वर्षांत हजारभर खांदे वर करायला लावले असतील मी, पण 'तुम्ही याचं करता काय' हा प्रश्न एकाही माणसाला विचारला नव्हता. तिथेच गादीच्या कडेला बसून हिरवा कागद रद्द केला आणि स्वतःच्या सहीने नवा लिहिला. हात खांद्याच्या वर जात नाही. शिडी आणि वरच्या फळ्या बंद. कामाला हात छातीपर्यंत लागतो आणि तो पूर्ण जातो.

बापूशेठनी कागद दोनदा वाचला. मग काकांना म्हणाले, "शिडीला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे." आणि काउंटरवर गेले. खुर्ची मात्र त्यांनी फिरवून घेतली, गादीकडे तोंड करून.

मी पट्टे सोडले, पिशवी भरली. काकांचे डोळे पाणावले होते, पण ते लपवायला त्यांच्या हाताशी अख्खा शालू होता. "बसा हो मॅडम, चहा येतोय," म्हणाले. चहा येईपर्यंत त्यांनी शालू सोडून बिलाला दिला आणि मागे हात घालून, खालच्याच फळीवरून, एक साडी ओढली. वांगी रंग, पिवळा काठ.

"काका, मी साडी नेसत नाही. सांगितलंय तुम्हाला."

"घ्या म्हटलंय का मी? बघा नुसती."

नेसायला लागले. मी मनात म्हटलं, कर काय करायचं ते, मला सगळी युक्ती ठाऊक आहे, आत्ताच सहीनिशी लिहून दिली आहे. निऱ्या झाल्या. पदर वर आला. छातीशी थांबला. काका माझ्याकडे बघत उभे राहिले. मी चहाचा कप घट्ट धरला. आत्याबाई बिल करता करता वळून बघायला लागल्या. पदर तिथेच, अधांतरी.

माझा उजवा खांदा अगदी ठणठणीत आहे. कप खाली कधी ठेवला ते मला आठवत नाही. पदर काकांच्या खांद्यावर टाकला होता आणि माझी बोटं एक चूण नीट करत होती, तेव्हा काउंटरवरून बापूशेठचा आवाज आला.

"पॅक करू ना, मॅडम?"